पहिला घास कोणाचा?

"आज गळ मी टाकणार!" तारिक ओरडला.

"टाक ना! काल तुले चप्पल भेटली, आज तिची जोडी भेटंल!" अश्वजित म्हणाला. हसता हसता मेहनाज बाजेवरून खालीच आली!

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या. मुकुटबनच्या पलीकडे, नदीकाठी, अश्वजितच्या वडिलांचं, बाबारावांचं, छोटं कौलारू शेतघर होतं. त्यांचे जुने दोस्त बशीर बाभुळगावात फवारणीचे पंप दुरुस्त करत. तारिक आणि मेहनाज ही त्यांची मुलं. दर दिवाळीला दोन्ही घरं इथे येत आणि एकाच कढईतले मासे खात. बाबारावांचा एक नियम होता. ज्यानं मासे धरले, पहिला घास त्याचा. त्यानं खाल्ल्याशिवाय कोणी ताटाला हात लावायचा नाही!

तेवढ्यात शेत राखणारा नानाजी टोपलं घेऊन आला. टोपलं काठोकाठ भरलेलं होतं.

"तुमचे गळ ठेवा आता चुलीत!" तो म्हणाला.

"पाहा पोट्टेहो, याले म्हणते मासे धरणं!" बाबाराव मिशीत हसले.

मेहनाज आईजवळ, रहमतबींजवळ, मासे साफ करायला बसली. एक मासा तिनं उलटसुलट करून पाहिला.

"अम्मी, याच्या तोंडात गळाची जखम नाही. कल्ल्यावर जाळ्याची खूण नाही. मग धरला कसा? अन् वास पाहा! दुकानात फवारणीचे पंप येते ना, तसाच!"

"पंपवाल्याची पोरगी!" बाबाराव मोठ्यानं म्हणाले. "हिले गुलाबातही फवाराच दिसंल!"

सगळे हसले. बशीरही हसले. मेहनाजचे डोळे भरून आले.

"रडू नको," तारिक कुजबुजला. "चल, डोहच पाहून येऊ." अश्वजितही त्यांच्यामागे निघाला.

पावसाळा सरला होता, नदी उतरली होती, आणि वळणावर तेवढा खोल डोह उरला होता. रोज तिथे बगळे असत. आज एकही नव्हता! पाण्यावर बारीक मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. काठावर एक खेकडा स्वतःभोवतीच फिरत होता.

"डबा!" तारिकनं झुडपात बोट दाखवलं.

त्या वर्षी बोंडअळी कपाशीवर तुटून पडली होती. असे औषधाचे डबे प्रत्येक बांधावर दिसत. पण या डब्याला झाकण नव्हतं. तोंडात निळ्या कापडाचा बोळा होता. अश्वजित तो बोळा पाहतच राहिला. ती त्याच्या शाळेच्या फाटक्या शर्टाची बाही होती.

"काय झालं बे?"

"हा आमचा आहे," अश्वजित म्हणाला. "आमच्या फळीवरचा."

"अवं माय! माह्या वगारीले काय झालं वं!"

शेजारच्या शेतातली हंसाबाई होती. तिची वगार, म्हशीची तरुण पारडी, काठावर आडवी पडून पाय झाडत होती. तोंडाला फेस आला होता. आणि मागून तिची एकुलती एक दुभती म्हैस, चांदरी, पाण्याकडे उतरत होती! हंसाबाईचं घर तिच्याच दुधावर चाले.

"म्हैस अडवा!" तारिक किंचाळला.

अश्वजितनं दावं धरलं. चांदरीनं त्याला काट्यांतून फरफटत नेलं, पण त्यानं दावं सोडलं नाही. मेहनाजनं ओढणी काढून तिच्या डोळ्यांसमोर फडफडवली. "हुर्र! हुर्र! मागं हो!" चांदरीचं नाक पाण्याला टेकणार, तेवढ्यात ती बिचकली आणि वळली!

मुलांनी मागे पाहिलं. वगार हलत नव्हती. हंसाबाई पदरानं तिचं तोंड पुसतच होती.

शेतघरात ताटं वाढली होती.

"कोणी खाऊ नका!" तारिक दारातूनच ओरडला. "डोहाचं पाणी पिऊन वगार मेली!"

"साप चावला असंल," नानाजी घाईनं म्हणाला.

अश्वजितनं डबा पाठीमागे धरला होता.

"बाबा, आपला नियम! मासे नानाजीनं धरले. पहिला घास त्याचा." त्यानं सगळ्यात मोठा तुकडा नानाजीला वाढला.

"माहा... माहा आज उपास आहे."

"कायचा उपास? सकाळी तर अंडे हाणत होता तू!" तारिक म्हणाला.

नानाजीनं बाबारावांकडे बोट दाखवलं. "मले कायले धरता? साहेबानंच डबा देल्ला! म्हणे, गळ टाकून कवा भरंल टोपलं? हे डोहात ओत अन् मोकळा हो!"

"अरे, थोडंसं तर होतं," बाबाराव म्हणाले. "शिजल्यावर सारं उडून जाते!"

अश्वजितनं डबा ताटांच्या मधोमध ठेवला. नानाजीच्या ताटातला तुकडा उचलून वडिलांच्या ताटात टाकला.

"मग तुम्ही खा, बाबा."

बाबारावांनी घास घेतला. ओठांपर्यंत नेला. हात तिथेच थांबला आणि खाली आला.

"आमाले तर वाढलं होतं, काका!" मेहनाज म्हणाली.

बशीरनी कढई उचलली आणि राखेत पालथी केली. "बेटा, मी हसलो तुझ्यावर," ते एवढंच म्हणाले. मग ते आणि तारिक नदीच्या खालच्या गावांना पाणी पिऊ नका म्हणून सांगायला धावले.

दुपारभर बाबाराव आणि नानाजी खड्डा खणत होते. बाबारावांचा दिवाळीचा नवा सदरा चिखलानं भरला. हंसाबाई वर उभी होती.

"अजून खोल! कुत्रे उकरतीन!"

मासे पुरले. वगार पुरली. डोहाच्या वाटेवर अश्वजितनं काटेरी फांद्या लावल्या.

"वाचवलं रे तुम्ही साऱ्यांना. शाब्बास!" बाबाराव खाली पाहत म्हणाले. त्यांचा हात त्याच्या खांद्याकडे आला. अश्वजित बाजूला सरकला.

दिवस कलताना हंसाबाई पिठलं-भाकर घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि मेहनाजसमोर धरला.

"तुह्या नाकानं चांदरी वाचली, बाई. पहिला घास तुहा."

सगळे ताटाला हात न लावता थांबले. मेहनाजनं घास घेतला आणि आधी त्याचा वास घेतला.

या वेळी कोणीही हसलं नाही.