जमिनीखालच्या तारा

बसा. मोबाईल उलटे ठेवा, मध्येच उजेड नको. आणि कुणी हसलं तर मी उठलोच म्हणून समजा. हे माझ्या कामावरच्या जोडीदाराचं आहे, कुणा सोम्यागोम्याचं नाही.

समुद्राकाठच्या रेडिओ स्टेशनवर आम्ही दोघं. दिवसपाळी माझी, रात्रपाळी त्याची. त्याला सगळे बिनतारी म्हणायचे. मोबाईल जिथे पोचत नाही, तिथल्या होड्यांशी बोलायचं हे आमचं काम. आमच्या रेडिओची लाट आभाळात उडत नाही बरं का, जमिनीला चिकटून जाते. खाऱ्या पाण्यावरून लांबवर पळते, कोरड्या मातीत मात्र जिरते. म्हणून टॉवरच्या बुडाशी चहूकडे तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. तिथे कुदळ मारायची नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि या शहाण्याने बायकोच्या हौसेपायी तिथेच भाजीचा वाफा खणला, तारा तोडल्या! मी ओरडलो, तर म्हणे, "जवळच्या होड्यांना ऐकू जातंय ना? झालं तर."

गेल्या वर्षी, मार्चचा पहिला शनिवार. रात्रीचे पावणेदोन. बाहेर दाट धुकं. बिनतारी चहा ओतून घेत होता, तेवढ्यात रेडिओ बोलला.

"दादा, मी. इंजिन बंद पडलंय. पुढे लाल दिवा दिसतोय. आपलं बंदरच ना? वल्हवत नेतो तिकडे."

त्याचा धाकटा भाऊ, मासेमारीला गेलेला. पोटच्या पोरासारखा वाढवलेला. बंदराचा दिवा संध्याकाळपासून बंद होता. लाल दिवा एकच उरला होता, खडकांवरचा.

"नको! खडक आहेत तिथे! नांगर टाक!"

"दादा, ऐकतोयस ना? बोल की काहीतरी."

याला त्याचं सगळं ऐकू येत होतं. त्याला याचं काहीच नाही. तुटक्या तारांवर ऐकता येतं रे, लांब बोलता येत नाही. बचावाच्या बोटीला फोन केला. धुक्यात तिला तास लागणार होता.

बिनतारी टॉर्च आणि पक्कड घेऊन वाफ्यात धावला. कुदळीने खणलं, मग हातांनी. नखं उलटली. एक टोक सापडलं, दुसरं सापडलं, पिळलं. "देवा, माझ्या हाताने मारू नकोस रे त्याला!"

खिडकीतून आवाज येत होता.

"दादा... दिवा जवळ आला..."

आणखी एक तार.

"दादा..."

आणखी एक.

मग काहीच नाही.

तो आत पळाला. "नांगर टाक! ऐकतोयस का रे?"

...

...

"ऐकतोय, दादा. आता अगदी जवळून ऐकतोय. टाकला नांगर. तू रडू नकोस."

बिनतारी खुर्चीत कोसळला. आनंदाने ढसाढसा रडला.

सकाळी मी पोचलो, तेव्हा बचावाची बोट परतली होती. धाकट्याच्या होडीवरच्या एकट्या खलाशाला घेऊन. तो सांगत होता, होडी फुटली ती रात्री अकराच्या आत. धाकटा त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला. रेडिओसकट.

बिनतारीने आपल्या उलटलेल्या नखांकडे पाहिलं. मग म्हणाला, "निम्म्याच जोडल्या मी. पलीकडच्या राहिल्यात."

वाफ्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागात मी खणलं. माती वरून घट्ट, त्या रात्री कुणाचा हात न लागलेली. खाली एकूण एक तुटकी तार जोडलेली होती. जाळं सांधायच्या दोऱ्याने, गाठी मारून.

ती गाठ त्यांच्या घरात एकालाच यायची.