बदामचा गुलाम

पोकरचा शेवटचा डाव संपला, पत्ते मोजले, तर एक्कावन्न. बदामचा गुलाम सापडला तो क्लब सांभाळणाऱ्या काकूंच्या एप्रनच्या खिशात. एप्रन खुंटीवर होता.

"पाचपर्यंत खोली रिकामी करा," चिटणिसांनी फर्मान काढलं. अठरा वर्षं काकू क्लबमागच्या खोलीत राहत होत्या. दुसरं घर नव्हतं.

क्लबच्या सभासद असलेल्या गणिताच्या निवृत्त बाईंनी छडा लावायला दोन तास मागून घेतले आणि त्यात नुसतं डोकं पिकलं. ज्याला विचारावं तो म्हणे, "नशिबाचा खेळ हो, बाई." तीस वर्षं शक्यता शिकवून हेच ऐकायचं, तर शिकवलं कशाला, असा त्यांना वैताग आला.

शेवटी त्या विजेत्याकडे वळल्या. हे गृहस्थ विमा कंपनीत जोखमीचे आकडे मांडत, आणि आकडेमोडीशिवाय एकही डाव खेळत नसत.

"पान कमी आहे हे कधी कळलं?"

"मोजलं तेव्हा. सगळ्यांबरोबर."

"एप्रनजवळ गेला होतात?"

"माझा कोट तिथेच होता. सगळ्यांचेच असतात."

"खेळताना वहीत काय लिहिता?"

"शक्यता. बघा की, लपवण्यासारखं काय आहे?"

दहावा डाव बाईंनी दोनदा वाचला. 'हातात दोन बदाम. टेबलावर दोन बदाम, एक किलवर. पाच बदाम पुरे व्हायला आणखी एक हवा. न दिसलेल्या ४६ पानांत ८ बदाम. डाव सोडला.'

बाईंनी चिटणिसांना बोलावलं. काकूही दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बावन्नांतून दिसलेली पाच गेली. उरली किती?"

"सत्तेचाळीस," चिटणीस म्हणाले.

"तेरा बदामांतून चार गेले?"

"नऊ."

"यांनी लिहिलंय सेहेचाळीस आणि आठ."

"घाईत चुकलं असेल," विमावाले पुटपुटले.

"एकदा चुकलं असतं तर मीही सोडून दिलं असतं. पण सगळेच डाव तुम्ही एक्कावन्न पानांचे मांडलेत. गुलाम गड्डीत नाही, हे तेव्हा फक्त तो काढणाऱ्यालाच ठाऊक होतं. बाकीचे बिचारे बावन्न धरून खेळत होते. तुम्हाला लबाडी जमली, चुकीचं गणित लिहिणं मात्र जमलं नाही. आणि पत्ते मोजायचं ठरताच कोट घ्यायच्या निमित्ताने पान काकूंच्या खिशात सारलंत."

विमावाल्यांनी मान खाली घातली.

"काकू, राहा तुम्ही," चिटणीस म्हणाले.

"राहते. जाणार कुठे? मी घेतलं नाही म्हणून शंभरदा सांगितलं, ते कुणाला पटलं नाही. वहीतलं पटलं."

काकू बाईंकडे बघत होत्या. बाईंना स्वतःचाच राग आला. खिशातून पान निघालं तेव्हा त्यांनीही मनातल्या मनात काकूंची शक्यता मांडली होती, आणि ती निम्म्याहून जास्त आली होती.