टाकीच्या तोंडाशी बसलेला

जेवणं झाली, धारगळच्या घरी सोप्यावर पोरं जमली, तसे भिकाजीआजो म्हणाले, “हसू नका हां. कृष्णनाथ माझा शेजारी. त्याच्यावर गुदरलेलं सांगतो.”

चौऱ्याण्णव साल. शिमग्याआधीची शनिवारची अमावास्या. पेडण्याच्या बाजारातून रात्रपाळीला खायला उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन कृष्णनाथ वायनरीत आला. घाटावरची द्राक्षं आणून तिथं वाईन करत. धंदा वाढला होता. शेटनं काजूची झाडं पाडून आपल्या बंगल्याला लागूनच दुसरी शेड बांधायला काढली होती.

रस आंबून उपसला की टाकी आतून घासायला माणूस उतरतो. आत विषारी हवा साठते. माणूस हूं की चूं न करता आडवा होतो. म्हणून त्याच्या कमरेला दोर, आणि तोंडाशी दुसरा माणूस. बाहेरच्यानं पत्र्यावर ठोकायचं, आतल्यानं उलट ठोकायचं. उत्तर नाही आलं की दोर ओढायचा.

महिन्यापूर्वी तिथलाच कामगार सगुण उतरला होता. तोंडाशी कृष्णनाथच होता. शेट ओरडला, “विटांचा ट्रक आलाय! टाकी काय पळून जाते?” कृष्णनाथ गेला. परतला तेव्हा सगुण गार पडला होता.

आणि शेटनं काय करावं? टाकी धुतली, पुन्हा रस भरला, झाकण आवळलं! सगुणची बायको शेवंती पोर कडेवर घेऊन फाटकाशी आली, तर म्हणाला, “पिऊन उतरला असेल.” सगुण कधी थेंबाला शिवला नव्हता. कृष्णनाथानं ते ऐकलं नि दात आवळले. तोंड मात्र उघडलं नाही.

अमावास्येच्या त्या रात्री सगुणच्या टाकीशेजारच्या टाकीत साईश उतरला, तोंडाशी कृष्णनाथ. सावंतवाडीकडचा, नुकताच बाप झालेला.

“जिवंत आसस मां रे?”

“मेलंय तर पयलो तुकाच सांगान!”

दोघे हसले. ठोका. उलट ठोका.

तेवढ्यात शेट बॅटरी घेऊन आला. “कृष्णा, ट्रक आला. विटा उतरव.”

“शेट, साईश आत आसा.”

“एवढ्यात काय मरत नाही तो!”

कृष्णनाथाचा पाय उचलला... हुकूम ऐकायची सवय.

ठण्ण.

मागून. सगुणच्या टाकीतून.

काठोकाठ भरलेली. झाकण आवळलेलं.

“कोण रे तिकडे?” शेट.

...

ठण्ण! ठण्ण!

पत्रा थरथरला. त्या ठोक्यांत राग होता. वाट बघून बघून संतापलेल्या माणसाचा.

कृष्णनाथ खाली बसला. दोर मुठीत.

“जावचंय नाय मी! तुझो ट्रक तूच उतरय! एकदा गेलंय नि माणूस गमावलंय!”

त्यानं साईशच्या टाकीवर ठोकलं.

...

पुन्हा ठोकलं.

काही नाही.

त्यानं दोर ओढला. सगळा जीव लावून. साईश वर आला तो चिंधीसारखा. ओकला. मग श्वास घेतला.

शेट मागं मागं सरकत बंगल्यात शिरला. कडी लावल्याचा आवाज आला.

ठोके थांबले नाहीत. उजाडेपर्यंत.

सोप्यावरच्या पोरांतल्या संजनानं आजोंना हळूच विचारलं, “सकाळी टाकी उघडली?”

“उघडली.”

“आत?”

“वाईन. दुसरं काही नाही. पण पत्र्याला बाहेर फुगवटे आले होते. आतून मारलेले, मुठीएवढे. मी हात लावून बघितलेत. बाकी टाकी सगळी गुळगुळीत. फुगवटे फक्त एका अंगाला...”

“कुठल्या?”

“बंगल्याच्या.”