विचार सुरू आहे

घनश्याम मेश्राम मला पहिल्यांदा भेटला तो माझ्या टेबलावर धाडकन हात आपटूनच. टाइपरायटरशेजारचा माझा चहा सगळ्या कागदांवर सांडला.

"काय हो, टेबल काय तुमच्या घरचं हाय?"

"माफ करा, बाई... राग साहेबावर होता."

बालाघाटातली आमची खाण कंपनी लहानशीच, भरवेलीच्या मँगनीज खाणीसारखी मोठी नव्हे. पण ऐट अशी की विचारू नका. खाणीत पाणी भरायचं, काम बंद पडायचं, म्हणून कंपनीनंच त्याला नागपूरहून बोलावलं. तो कुणाचा नोकर नव्हता. खाणीवाल्यांना पंपाबद्दल सल्ला देत फिरायचा. मोठा पंप बसवा, एवढंच त्यानं सांगितलं. मॅनेजरनं ते नागपूरच्या कचेरीला कळवलं, नागपूरनं कलकत्त्याच्या मालकांना, अन् कलकत्त्याहून उत्तर आलं – विचार चल रहा है.

तेव्हापासून तो दर आठवड्याला यायचा, तेच उत्तर ऐकायचा अन् माझ्यासमोर बसून संतापायचा.

"अहो, पाणी काय यांच्या मीटिंगसाठी थांबून राह्यते?"

बोलता बोलता कपाळावर केस यायचे, ते तो फुंकर मारून उडवायचा... अन् मी मुद्दाम विचारायची, "आज चहा प्यायचा का सांडायचा?"

"तुम्ही पाजाल तर जहर बी पिईन."

"तेच आणते मग."

अशात बाबांनी गोंदियाचं एक स्थळ जवळजवळ पक्कं करत आणलं. रविवारी पाहुणे होकार घ्यायला येणार होते. मी घनश्यामला सांगितलं. त्यानं कपाळावरचे केस फुंकरीनं उडवले. मग म्हणाला, "कंपनीचा निकाल लागू दे, सत्यभामा... मग तुह्या घरी बोलतो. सध्या माहा विचार सुरू हाय."

माझं डोकंच फिरलं. ज्या शब्दांवर हा माणूस महिनोन्‌महिने थयथयाट करत होता, तेच मला ऐकवत होता.

"म्हणजे मी बी कलकत्त्याले गेली का? तुमच्यात अन् साहेबात फरक काय? जा आता. रविवारी मी गोंदियावाल्याले हौ म्हणून टाकीन."

म्हटलं खरं, पण घरी जाताना रस्ताभर रडले. मला तोच हवा होता, अन् त्या शहाण्याला ते कळत नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो सायकल हाणत आमच्या घरी आला, घामाघूम. बाबा ओट्यावर बसले होते.

"मले सत्यभामाशी लग्न करायचं हाय."

"नोकरी कुठं करता?"

"नोकरी नाही. खाणीवाल्यांले सल्ला देतो."

"अन् ते आयकतात?"

"...नाही."

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. विचार करून सांगतो."

घनश्यामचं तोंड लालबुंद झालं. आता हा काहीतरी भलतंच बोलणार, म्हणून मी चुलीजवळची उठून बाहेर आले.

"बाबा, म्या विचार केला हाय. मले हाच पाह्यजे."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. माझा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग ते आत आईकडे वळून म्हणाले, "आयकलं ना? गोंदियावाल्यांले नाही म्हणून कळवा लागते आता."

घनश्याम तिथंच ओट्यावर मटकन बसला. इतक्या लवकर झालेला निर्णय त्यानं जन्मात पाह्यला नव्हता.