चाळीस वाव

नकाशाचं काम आम्ही नणंद-भावजयींनी वाटून घेतलं होतं. पाणी वन्संचं, जमीन माझी. एका कादंबरीच्या पहिल्या पानासाठी जगात कुठेच नसलेलं एक बेट काढायचं होतं. वन्सं एका ट्रेसिंग पेपरवर समुद्र, खाड्या आणि पाण्याच्या खोलीचे आकडे काढायच्या. मी दुसऱ्यावर डोंगर, रस्ते, घरं. संध्याकाळी खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर दोन्ही कागद एकावर एक ठेवायचे आणि माझा कुठला रस्ता त्यांच्या पाण्यात बुडतोय ते पाहायचं.

लेखक फोनवर सारखे बदल सांगत. बेटाचं नाक जरा लांब करा म्हणाले.

"आता नुसती सर्दी व्हायची राहिलीय त्याला," फोन ठेवून वन्सं म्हणाल्या.

मी हसले, पण हसायलाही अंगात त्राण लागतं. वन्संचे दादा, म्हणजे आमचे हे, बोटीवर गेले ते परतले नाहीत. बोट नाही, निरोप नाही. तेव्हापासून तिन्हीसांजेला गल्लीकडच्या खिडकीत दिवा लावायचा आणि तो शांत होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा माझा नेम. ह्यांना वाट दिसावी म्हणून. आमच्या गावाला समुद्र नाही, बंदर आगगाडीने दिवसभराच्या वाटेवर, हे मला कळतं. नेमाला ते कळत नाही.

"दिवा तू लावतेस वहिनी, आणि तेल माझ्या जिवाचं जळतं," वन्सं म्हणायच्या. "पुरे कर आता."

लेखकांना बंदरावरून चढत जाणारा एक रस्ता आणि टोकाला एकच घर हवं होतं. वाकून वाकून पाठीचा काटा ढिला झाला होता, डोकं चालेना. मी सरळ आमचीच गल्ली उतरवली. बेकरीपाशी एक वळण, दवाखान्यापाशी दुसरं, मग बंद छापखान्याची लांब भिंत, मग आमचं दार. नसलेल्या जगात आपली गल्ली कोण ओळखणार?

त्यानंतर समुद्राच्या कोपऱ्यात एक आकडा दिसला. चाळीस.

खोली वावात लिहितात. दोन्ही हात पसरले की होतो तो एक वाव. वन्संना हे ह्यांनीच शिकवलेलं. त्यांना वाटलं आकडा मी टाकला, मला वाटलं त्यांनी. ब्लेडने खरवडून काढला.

दुसऱ्या दिवशी तो होताच, आणि बंदराच्या बाजूला सरकून आणखी एक. पुन्हा चाळीस. मग रोज एक.

"किनाऱ्याकडे पाणी उथळ होत जातं," वन्सं म्हणाल्या. "हे होत नाहीये."

त्यांनी नवा कागद घेतला, समुद्र पुन्हा काढला, कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. सकाळी सगळे आकडे जिथल्या तिथे. आता बंदराच्या धक्क्यापर्यंत.

त्या चाळिसातल्या चाराच्या आकड्याची खालची गाठ सुटलेली होती. तसा चार आमच्या घरात एकच माणूस काढायचा. आम्ही दोघींनी ते पाहिलं.

मग आकडे जमिनीवर चढले.

पाण्याच्या कागदावर माझा रस्ता नव्हताच. त्यावर आकडे नुसते हवेत टांगल्यासारखे दिसत. पण दोन्ही कागद एकावर एक ठेवले की ते बरोब्बर वळत होते. बेकरीपाशी. दवाखान्यापाशी.

"वन्सं, जमिनीवर खोली कशी?"

"मला विचारतेस?"

"हेच असतील तर येऊ देत ना. इतकी वर्षं दुसरं काय मागतेय मी?"

वन्संनी चष्मा काढून डोळे चोळले. "माझा भाऊ आहे तो, वहिनी. मला नको असेल का? पण एकटा आला असता तर आकडा कमी होत गेला असता गं. तो पाणी घेऊन येतोय."

काल सकाळी चाळीस छापखान्याच्या भिंतीशी होता.

आज आमच्या दाराशी आहे. कागद छपाईला उद्या जायचे. कच्ची प्रत पाहून लेखक फोनवर खूश होते. घर अगदी खरं वाटतं म्हणाले.

दिवसभर वन्सं दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. गल्ली कोरडी. ऊन. बेकरीचा पोऱ्या सायकलवरून गेला.

उन्हं कलली.

"आज नको लावूस," वन्सं म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरला. "एक दिवस. माझ्यासाठी."

"वन्सं, वाट दिसावी म्हणून मीच ना रोज दिवा लावत आले? आता दाराशी आल्यावर अंधार करू?"

त्यांनी हात सोडला.

मी वात सारखी केली. काडी ओढली. ज्योत उभी राहिली.

बाहेर कुत्री भुंकत होती, ती थांबली. सायकलची घंटा अर्धीच वाजली.

खिडकी बंद होती. वारा नव्हता.

ज्योत हलली. वाऱ्याने हलते तशी नाही. तळाशी उगवलेलं गवत पाण्यात हलतं तशी, सावकाश, एकदा इकडे, एकदा तिकडे.