इमामांनी मागितलेलं पाणी

दार ओढून घ्या रे, मग सांगतो. इकडून तिकडून कानावर आलेलं नाही हे. मिफ्ताह माझा शेजारी, आमच्या डोंगरातल्या गावात मयतांना आंघोळ घालायचा.

गेल्या शाबान महिन्याची चौदावी, गुरुवार. दिवेलागणीला पोलिसांची जीप आली. "हाजी, एक मयत आहे, चल." नेहमीसारखी कफन-कापराची पिशवी खांद्याला लावून मिफ्ताह निघाला.

ठाण्यामागं जमिनीवर आमच्या मशिदीचे इमाम इम्रान मरून पडले होते. जुम्म्याच्या दुआतून त्यांनी राष्ट्रप्रमुखाचं नाव गाळलं होतं. "डोकं अल्लाहपुढं टेकतं, खुर्चीपुढं नाही," एवढंच म्हणाले होते. मिफ्ताहला मयत धुवायला त्यांनीच शिकवलेलं.

"पिशवी ठेव," ठाण्याचा कप्तान म्हणाला. "आंघोळ नाही, कफन नाही, नमाज नाही. खड्ड्यात लोट."

"साहेब, मी सरकारचाच माणूस. निष्ठेची शपथ घेतलीय. पण मयताचा हक्क अल्लाहनं..."

"तुझा पोरगा युनूस लष्कराच्या छावणीत आहे ना, हाजी?" कप्तान हसला. "चहा फक्कड करतो म्हणे."

मिफ्ताहनं फावडं उचललं.

घरी येऊन त्यानं कडी घातली. साडेनऊ झाले होते. वीज गेलेली.

टक्... टक्.

"मिफ्ताह."

आवाज ओळखीचा. इमामांचा.

"थोडं पाणी दे रे."

"शेख... माफ करा. हुकूम आहे."

"कुणाचा?"

मिफ्ताहनं दाराची कडी घट्ट धरली.

"माझ्यासाठी नको... घागरभर... लवकर दे..."

त्यानं कानांत बोटं घातली. दार उघडलं नाही. बऱ्याच वेळानं पावलं निघून गेली. अनवाणी.

शुक्रवारी दुपारी लष्कराच्या गाडीतून मोहरबंद पेटी आली. युनूसची. जमावावर गोळी झाडायला नाही म्हणाला, म्हणून मंगळवारीच त्याला उडवला होता. गुरुवारी हसताना कप्तानाला ते ठाऊक होतं.

"पेटी उघडायची नाही," शिपाई बजावून गेला.

मिफ्ताहनं पहार घेतली. मी शेजारीच उभा होतो.

तीन दिवसांचं मयत. पण वास आला तो कापराचा. अंग धुतलेलं, कफन नीट गुंडाळलेलं. नंतर आम्ही छावणीत विचारलं. "कोण आंघोळ घालतंय गद्दाराला?" म्हणाले. "रक्तासकट पेटीत टाकला."

मिफ्ताहनं पोराच्या केसांतून हात फिरवला. मग तो हात माझ्यापुढं धरला.

बोटांवरून पाणी ठिबकत होतं, रे...