टाकी काचेची नव्हती

"अहो, यातलं कुठलं चांगलं?"

दाताच्या डॉक्टरने मान वळवली. माशांच्या दुकानात तो हातात जाळी घेऊन स्वतःच निळे मासे पकडत होता. शेजारी एक मुलगी दोन पाकिटं धरून उभी होती. तिने त्याला दुकानातला माणूस समजलं होतं, हे उघड होतं. तिचे डोळे इतके टपोरे आणि उत्सुक होते, की हा गैरसमज लगेच दूर करावा असं काही त्याला वाटेना.

"कशासाठी हवंय?" त्याने दुकानदारासारखा आवाज काढला.

"टाकी घासायला. आतून हिरवीगार झालीय. हात घातला की मासे सैरावैरा पळतात, आणि मला… ते बुळबुळीत काही झेपत नाही."

"मग चुंबकाचंच घ्या. एक तुकडा आत, एक बाहेर. बाहेरचा फिरवला की आतला मुकाट्याने मागे मागे येतो."

"अगदी आज्ञाधारक!"

"चुंबक ओढ लावणारा असेल तर."

ती हसली. डॉक्टरच्या जाळीतला मासा त्या गडबडीत पुन्हा पाण्यात निसटला.

टाकी तिच्या बाबांची होती. कमरेच्या ऑपरेशनमुळे ते बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होते, आणि उद्या दुपारी घरी येणार होते. पुन्हा चालायला लागेपर्यंत पलंगावर पडून त्या माशांकडे बघणं, एवढाच त्यांचा विरंगुळा असणार होता.

"आणि मी टाकीची ही दशा करून ठेवलीय," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त जीव आहे त्यांचा त्या टाकीवर. तशी छान आहे हो ती. रिकामी असली की मी एकटी उचलते, एवढी हलकी. आणि कोपरे कसे… असे गोल, वळलेले."

तिने हवेत कोपरा काढून दाखवला. डॉक्टर त्या बोटांकडेच बघत राहिला.

"हे घ्या," तो म्हणाला. "याची खरखरीत बाजू आत टाका. शेवाळ झटक्यात निघेल."

तेवढ्यात खरा दुकानदार आतून ओरडला, "डॉक्टर, मिळाले का मासे?"

"अय्या! तुम्ही डॉक्टर?"

"दातांचा. दवाखान्यात टाकी ठेवलीय. माशांकडे बघून पेशंट जरा कमी घाबरतात."

"आणि मी बघा, डॉक्टरांना घासण्या विचारतेय!" ती लाजली, पण क्षणभरच. "पण तुमचा नंबर वाढलाय बरं का. किंमत वाचताना डोळे बारीक करता. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. या कधीतरी!"

कुठल्या दुकानात, ते न सांगताच ती गेली.

संध्याकाळी दवाखान्यात शेवटच्या पेशंट म्हणून एक आजी आल्या. नवीन कवळी टोचते, ही तक्रार. डॉक्टरने कवळी दिव्याखाली धरली तर तिच्यावर चरेच चरे.

"आजी, ही कशाने घासता?"

"कशाने म्हणजे? भांड्यांच्या घासणीने. लख्ख निघते."

"अहो, हे ॲक्रिलिक आहे, प्लॅस्टिकच म्हणा ना! काच आहे का ती? खरखरीत घासणी लावली की चरे पडतात, आणि मग…"

तो थांबला. हलकी टाकी. एकटीने उचलता येणारी. गोल, वळलेले कोपरे… काच कुठली एवढी हलकी असायला!

"अरे देवा," तो म्हणाला.

"माझं काही गेलं का?" आजी घाबरल्या.

"तुमचं नाही, माझं! एक मुलगी आज घरी जाऊन टाकी घासणार आहे. माझ्या सांगण्यावरून. तिच्या आजारी वडिलांची टाकी."

"मग इथे काय माझे दात धरून उभा राहिलायस? पळ की!"

त्याने माशांच्या दुकानदाराला फोन केला. ती आज पहिल्यांदाच आली होती, नाव ना गाव. मग डॉक्टर एकेक चष्म्याचं दुकान पालथं घालत निघाला. एका दुकानात त्याला बळेबळे चार फ्रेम घालून पाहाव्या लागल्या. दुसऱ्यात डोळे तपासणारी व्यक्ती निघाली एक मिशाळ काका. बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता. ती घरी पोचली असेल, बाह्या वर केल्या असतील, असं वाटून त्याचे पाय आणखीच झपाझप पडत होते.

पुढच्या दुकानाच्या पडद्यामागून आवाज आला, "आता स्पष्ट दिसतंय… की आता?"

तोच आवाज. डॉक्टरच्या जिवात जीव आला. आतला माणूस बाहेर पडताच तो खुर्चीत जाऊन बसला. खोलीत अंधार होता. कागद चाळतच ती म्हणाली, "हनुवटी इथे टेका. कपाळ पुढे."

"टाई… घाशी का?" टेकलेल्या हनुवटीमुळे त्याचे शब्द धड निघेनात.

"बोलू नका, हलतंय."

दिवसभर हेच वाक्य तो इतरांना ऐकवत असे! त्याने हनुवटी उचलली. "टाकी घासलीत का?"

तिने चमकून दिवा लावला. "तुम्ही? अहो, पुरते भिजलाय!"

"घासू नका! ती काच नाही, ॲक्रिलिक असणार. चरे पडतील. तुम्ही सगळं नीट सांगितलं होतंत, माझंच लक्ष नव्हतं."

"कुठे होतं लक्ष?"

डॉक्टरने तिच्या बोटांकडे पाहिलं. तिने पर्स उघडली. पाकीट जसंच्या तसं होतं, सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की समोरच्या भिंगावर वाफ धरली.

माशांचं दुकान बंद होण्याआधी दोघं धावत जाऊन मऊ लोकरी पट्टीचा चुंबक घेऊन आले. सकाळी तो तिच्या घरी गेला. चुंबक चालवायला मदत, एवढंच कारण. तो एका बाजूने पट्टी फिरवत होता, ती पलीकडे वाकून बघत होती. हिरवा पडदा सरकत गेला. आधी तिचं कपाळ दिसलं, मग डोळे… मग हसू. एकही चरा नाही.

"आला नसतात तर?" तिने पलीकडूनच विचारलं.

"टाकी खराब झाली असती."

"मी टाकीचं नाही विचारत."

त्याचा हात थांबला. "टाकीचं निमित्त नसतं तरी आलो असतो. आज नाही तर उद्या. डोळे दुखतायत म्हणून."

"खोटं बोलला असतात?"

"एवढंच एक. बाकी… तुम्ही मला फार आवडता, हे खरं."

ती हळूच म्हणाली, "बरं झालं बाई. मला वाटलं, मलाच दाढ दुखण्याचं नाटक करावं लागणार."

दुपारी बाबा आले. पलंगावर नीट टेकवल्यावर त्यांनी आधी माशांकडे पाहिलं. बराच वेळ. मग कोपऱ्यात अवघडून उभ्या असलेल्या अनोळखी तरुणाकडे.

"टाकी कोणी घासली गं?"

"आम्ही," ती म्हणाली.

बाबांनी तो शब्द ऐकला, लेकीचा चेहरा पाहिला आणि पाय हळूच बाजूला घेऊन पलंगावर जागा केली.

"बसा," ते डॉक्टरला म्हणाले. "इथून सगळं छान दिसतं."